८७४ पासून मोकळं हिंडणारं कोकरू

(ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली अडखळ आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



मागे एका सप्टेंबरात मी आठ दिवस आइसलँडला होतो. कॉलेजातला एक मित्र तिकडे नोकरीला आहे, बरीच वर्षं ये ये म्हणत होता, शेवटी गेलो. त्या प्रवासावर एक भाग करा असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं. पण धबधबे, ज्वालामुखी, नॉर्दर्न लाइट्स यांवर यूट्यूबवर इतकं आहे की मी त्यात आणखी काय भर घालणार? म्हणून आज फक्त एका पदार्थाबद्दल बोलणार आहे. कोकराचं मटण. शाकाहारी मंडळींनी लगेच बंद करू नका, अर्ध्याहून जास्त भाग गवताबद्दल आहे.

तर पहिल्याच संध्याकाळी मित्र मला रेक्याविकमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेला. लाकडी टेबलं, भिंतीवर मेंढीचं कातडं, मेणबत्त्या. मेनूकार्डावर कोकराच्या पदार्थाखाली चार ओळींचा मजकूर होता. हे कोकरू उन्हाळाभर डोंगरात मोकळं हिंडतं, रानथाइम, बेरी आणि अँजेलिका खातं, त्यामुळे त्याच्या मांसाला डोंगराची चव येते, वगैरे. दारावर ढालीच्या आकाराचं एक चिन्ह लावलेलं होतं. आइसलँडच्या मेंढपाळांच्या विक्री मोहिमेचं ते चिन्ह, आणि त्या मोहिमेचं घोषवाक्य आहे, ८७४ पासून मोकळं हिंडतंय. ८७४ म्हणजे नॉर्वेकडून आलेल्या लोकांनी या बेटावर वस्ती केली ते परंपरेने मानलं जाणारं साल.

ताटात आलं ते अगदी थोडं होतं. मांडीच्या भागाचे चार तुकडे, आतून गुलाबी, बाजूला कंद आणि वर हिरव्या पानांचा चुरा. आपल्याकडे मटण म्हटलं की बोकड. मेंढीचं मटण म्हटलं की लगेच कोणीतरी नाक मुरडून वास येतो म्हणतं. इथे तो वास नव्हता. चार-साडेचार महिन्यांचं जनावर, सोललेलं वजन साधारण १६-१७ किलो, दात लावला की सुटणारं बारीक धाग्याचं मांस. वरचा हिरवा चुरा म्हणजे अँजेलिका, असं वेटरने सांगितलं. चव सेलरी आणि बडीशेप यांच्या मधली. मला आवडलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून कोणाला वाटेल की जेवण वाईट होतं. जेवण उत्तम होतं.

मग मी मित्राला विचारलं, हे डोंगरात मोकळं हिंडतं म्हणजे नक्की काय? राखणदार कोण? तो म्हणाला, कोणी नाही. परवा शनिवारी चल, दाखवतो.

आता हे आपल्याला समजायला जरा अवघड आहे. आपल्याकडे मेंढरं म्हटली की धनगर आलाच. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे उतरतात, रात्री कोणाच्या तरी शेतात मेंढरं बसवतात, माणूस, घोडा, कुत्री, सगळं कळपाबरोबर चालतं. आइसलँडमध्ये उलटं. तिथली मेंढी हिवाळाभर गोठ्यात असते. तिथे रस्त्याने जाताना शेताशेतात पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मोठाले गोल गठ्ठे दिसतात, तो तिचा हिवाळ्याचा चारा. मे महिन्यात मेंढ्या वितात, बहुतेकींना जुळी. त्या तीन-चार आठवड्यांत शेतकऱ्याच्या घरी कोणी झोपत नाही, शाळकरी पोरंसुद्धा रात्रीची पाळी करतात. नंतर थोडे दिवस घराजवळच्या कुरणात, आणि जूनच्या शेवटी किंवा जुलैत, गवत वर आलं की, सगळ्यांना डोंगराकडे सोडून देतात. पंचक्रोशीतल्या शेतांचं मिळून एक सामाईक डोंगरी रान असतं, त्याला ते आफ्रेट्टुर म्हणतात. कुंपणं फार थोडी. लांडगा नाही, बिबट्या नाही. मोठा शत्रू कोल्हा आणि हवामान. आणि दोन-अडीच महिने मेंढी तिच्या दोन पिल्लांना घेऊन कुठे जाते, काय खाते, हे मालकाला माहीत नसतं.

सप्टेंबरात त्यांना परत आणायचं. त्याला गावंच्या गावं जातात. घोड्यावर, पायी, हल्ली चार चाकी मोटरसायकलींवर. मोठ्या रानांत ही शोधाशोध आठवडाभर चालते, रात्री डोंगरातल्या झोपड्यांत मुक्काम. सगळ्यांचा एक म्होरक्या असतो, त्याला शब्दशः डोंगराचा राजा म्हणतात. कोणी कोणत्या ओढ्याच्या काठाने चालायचं हे तो ठरवतो, आणि त्याच्याशी वाद घालायचा नसतो. सगळी जनावरं खाली आणून एका गोल आवारात सोडतात. वरून पाहिलं तर सायकलच्या चाकासारखं. मधे गोल अंगण, आणि त्याभोवती आऱ्यांनी पाडलेले कप्पे, एकेका शेताचा एकेक कप्पा. या सगळ्या सोहळ्याला रेट्टिर म्हणतात.

शनिवारी आम्ही दक्षिणेकडच्या अशाच एका आवारात होतो. हजारो मेंढ्या मधल्या अंगणात, आणि त्यांच्यात शिरलेली माणसं. आजोबा, बायका, आठ वर्षांची मुलं. प्रत्येक जण एक मेंढी शिंगांना धरतो, तिला दोन्ही पायांत घेतो, घोड्यावर बसल्यासारखा, आणि कान बघतो. हल्ली कानात प्लॅस्टिकचा बिल्ला असतो, पण जुनी पद्धत कानाला पाडलेल्या खाचांची. डाव्या कानाचं टोक उडवलेलं, उजव्याला मागून खाच, अशी प्रत्येक शेताची खूण वेगळी. प्रत्येक कापाला नाव आहे, आणि या खुणांच्या छापील नोंदवह्या निघतात. म्हातारी माणसं बोटाने कान चाचपूनच मालक सांगत होती. मीही दोन मेंढ्या ओढल्या. एक योग्य कप्प्यात गेली. दुसरीने मला चिखलात बसवलं.

तिथेच एका शेतकऱ्याने मला एक वेगळी मेंढी दाखवली. उंच, सडपातळ, काळी-पांढरी, बाकीच्यांपासून जरा फटकून उभी. ही म्होरकी मेंढी. तिथे या मेंढ्यांचं वेगळं कूळच आहे, आता जेमतेम दीडेक हजार उरल्यात. मांसाला फारशा उपयोगी नाहीत. पण वादळ येणार असलं की या आधी ओळखतात आणि कळप घराकडे वळवतात, अशी त्यांची ख्याती. पूर्वी हिवाळ्यातही मेंढ्या बाहेर चरायच्या, तेव्हा अशा एका मेंढीवर सगळा कळप अवलंबून असायचा.

दुपारी सगळ्यांना मोठ्या भांड्यातून सूप मिळालं. क्योत्सूपा, म्हणजे सरळ अर्थ मटणाचं सूप. हाडासकट कोकराचे तुकडे, बटाटे, गाजर, सलगमसारखा एक पिवळा कंद, आणि सुकी पानं. ना तिखट, ना मसाला. थंडीत कुडकुडत, ओल्या चपलांत, तो वाडगा हातात धरला आणि मला पहिल्या रात्रीचं रेस्टॉरंट एकदम लांबचं वाटायला लागलं. दोन्हीकडे मटण तेच.

पण मग ते रेस्टॉरंटचं प्रकरण आलं कुठून? कारण आइसलँडच्या लोकांनी कोकरू आधीपासून घरीच खाल्लंय. रविवारी भाजलेली मांडी, नाताळात धुरावलेलं हांगिक्योत. हा धूर पूर्वीपासून मेंढीच्याच वाळलेल्या लेंड्यांचा, कारण जाळायला लाकूड नव्हतं. (लाकूड का नव्हतं, याच्याकडे येतोच.) रेक्याविकच्या बंदराजवळ १९३७ पासून चालणारी हॉट डॉगची टपरी आहे, तिच्या सॉसेजमध्येही कोकराचं मांस असतं. चार ओळींचं वर्णन लिहून ते विकायची वेळ कधी आली नव्हती.

ती आली २०१० नंतर. तोपर्यंत तिकडच्या तरुण पिढीने कोंबडी खायला सुरुवात केली होती. आज आइसलँडमध्ये कोकरापेक्षा कोंबडी जास्त खाल्ली जाते. शेतकऱ्यांकडे दर शरद ऋतूत मांस उरायचं, ते निर्यात करायचं. २०१५ मध्ये रशियाने अन्न आयातीच्या बंदीत आइसलँडला ओढलं. पाठोपाठ त्यांचं चलन वधारलं, म्हणजे निर्यातीत मिळणारे पैसे घटले. २०१७ च्या हंगामात कत्तलखान्यांनी शेतकऱ्याला दिलेला भाव साधारण तिसऱ्या हिश्शाने पडला. एका वर्षात, बरं का. आपल्याकडचा कांदा आठवा. बहुतेक मेंढपाळ घरात कोणी ना कोणी दुसरी नोकरी करतंच, शाळेत, दुकानात, रस्त्याच्या खात्यात. त्या वर्षी ते आणखी वाढलं.

आणि त्याच काळात दुसऱ्या दाराने पर्यटक आत येत होते. २०१० मध्ये पाच लाखांच्या आत, २०१८ मध्ये २३ लाख. चार लाखांच्या आतल्या देशात! या लोकांना संध्याकाळी कुठेतरी जेवायचं असतं आणि इथलं काहीतरी खायचं असतं. तेव्हा आपलं कोकरू त्यांना खिलवा, पण गोष्टीसकट खिलवा, हा विचार अगदी रास्त होता. रेस्टॉरंटांना चिन्हं वाटली गेली, मेनूवर मजकूर आला. पुढे २०२३ मध्ये युरोपियन युनियनने आइसलँडच्या कोकराच्या मांसाला संरक्षित नाव दिलं, आपल्या भौगोलिक मानांकनासारखं. त्या देशाच्या एखाद्या उत्पादनाला ते पहिल्यांदाच मिळालं. मला यात काही वावगं वाटत नाही. आडगावच्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळवून द्यायचा तर गोष्ट सांगावीच लागते.

माझी अडचण त्या गोष्टीतल्या एका शब्दाशी आहे. अँजेलिका.

रेट्टिरच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने डोंगराकडे निघालो, जिथून त्या मेंढ्या खाली आल्या होत्या त्या बाजूला. मला ती वनस्पती जागेवर बघायची होती. अँजेलिका बघितली असेल तर विसरणार नाही. शेपू-बडीशेपेच्या घराण्यातली, छातीइतकी उंच, वर हिरवट-पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. दोन तास हिंडलो. रानथाइम मिळालं, जमिनीला चिकटून, चुरडल्यावर ओव्यासारखा वास. काळ्या बेरीची झुडपं मिळाली. शेवाळ, खडी, काळी वाळू, मधे मधे गवत. अँजेलिका नाही.

शेवटी दिसली ती दोन ठिकाणी. एक, ओढ्याच्या मधल्या खडकावर, जिथे चहूबाजूंनी जोराचं पाणी. आणि दुसरी, धबधब्याशेजारच्या कड्यावर, अधांतरी. मित्र हसला आणि म्हणाला, अरे, ती तिथेच असते. जिथे मेंढी पोचत नाही तिथे.

म्हणजे मेनूकार्ड खोटं नाही. मेंढीला अँजेलिका फार आवडते, मिळाली तर ती आधी तेच खाते. आवडते म्हणूनच उरलेली नाही. अकराशे वर्षं खाल्ल्यावर ती कड्यांवर आणि ओढ्यातल्या बेटांवर उरली. बर्च आणि विलो या झाडांचं तेच. उलटा पुरावा हवा असेल तर देशाच्या वायव्य टोकाला होर्नस्ट्रांदिर नावाचा भाग आहे. १९५० च्या सुमाराला तिथली शेवटची वस्ती उठली, १९७५ मध्ये ते राखीव क्षेत्र झालं, मेंढ्या नाहीत. तिथे अँजेलिकाची रानंच्या रानं आहेत, माणूस बुडेल एवढी. दक्षिणेला थोर्समोर्क नावाची दरी आहे. तिथे १९२० च्या दशकात शेतकऱ्यांनी चराई सोडून दिली, कुंपण झालं, आणि आज तिथे बर्चचं जंगल आहे. 

आता जरा मागे जाऊ. वस्ती झाली तेव्हा आइसलँडचा निदान चौथा हिस्सा बर्चच्या झाडीखाली असावा असा अंदाज आहे. आज ही नैसर्गिक बर्चची झाडी दीड टक्क्याच्या आसपास आहे. सगळं मेंढीने खाल्लं असं नाही. माणसांनी कोळशासाठी झाडं तोडली, ज्वालामुखींनी राख टाकली, मधली काही शतकं हवा फारच थंड होती. पण तोडलेल्या झाडाला कोंब फुटतो, तो कोंब खाणारं जनावर कायम तिथे होतं. आणि पूर्वी ते हिवाळ्यातही बाहेर असायचं, जेव्हा झुडपाच्या फांदीशिवाय खायला काही नसतं.

त्यात तिथली माती वेगळी. ज्वालामुखीच्या राखेची, हलकी, भुसभुशीत. वर गवताची चादर आहे तोपर्यंत ठीक, पाणी छान धरते. चादरीला एक भोक पडलं की वारा त्यात शिरतो आणि खालून माती उडवत जातो. मग काय उरतं, तर उघड्या खडीच्या मैदानात मातीचे सुटे उंचवटे, वर गवताची टोपी, बाजूने कापल्यासारखी उभी माती. काही कमरेएवढे, काही डोक्याच्या वर. मी त्या उंचवट्याशेजारी उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की वरचं ते गवत म्हणजे पूर्वीची जमीन आहे. सगळीकडे जमीन एवढ्या उंचीवर होती. मी उभा होतो तो तळ. पर्यटक त्याचे फोटो काढतात, चंद्रावर आल्यासारखं वाटतं म्हणतात. मीही पहिले तीन दिवस तेच म्हणत होतो.

हे तिथल्या लोकांना माहीत नाही असं समजू नका. वाळूने शेतंच्या शेतं गाडली गेल्यावर १९०७ मध्ये त्यांनी माती वाचवण्यासाठी सरकारी खातं काढलं, जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. २०२४ पासून ते वनखात्याशी जोडलं गेलंय. १९९७ मध्ये देशभराच्या धुपीची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत सुमारे ४० टक्के जमिनीवर धूप लक्षणीय किंवा त्याहून गंभीर निघाली. या कामामागे ओलाफुर आर्नाल्ड्स नावाचे मृदाशास्त्रज्ञ होते, त्यांना पुढच्याच वर्षी नॉर्डिक कौन्सिलचं पर्यावरणाचं पारितोषिक मिळालं. (त्याच नावाचा पियानो वाजवणारा संगीतकार तुमच्या प्लेलिस्टमध्ये असेल, तो वेगळा.) त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. काही डोंगरी रानं चराई सोसू शकतात, काही मुळीच नाही, आणि सरकारी अनुदान देताना हा फरक नीट पाळला गेला नाही.

मी हे सगळं त्या रेट्टिरमध्ये भेटलेल्या शेतकऱ्यासमोर काढलं. निघायच्या आधी त्याच्याकडे कॉफीला गेलो होतो. पाहुणा म्हणून जाऊन असलं बोलणं बरं नव्हे, पण तोंडातून गेलं. तो चिडला नाही. त्याने मला बाहेर नेऊन ट्रेलरमधली खताची पोती दाखवली. उन्हाळ्यात तो आणि शेजारी मिळून वरच्या उघड्या जमिनीवर बी आणि खत टाकतात, जुने चाऱ्याचे गठ्ठे पसरतात. तिथे असे शेकडो शेतकरी सरकारी योजनेतून हे करतात. त्याचं म्हणणं, १९७० च्या दशकाच्या शेवटी देशात जवळपास ९ लाख मेंढ्या होत्या, हिवाळ्यात मोजलेल्या. आता साडेतीन लाखांच्या आसपास. मग अजून आम्हालाच का धरता? आणि त्याचा दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. मी मेंढ्या विकल्या तर या खोऱ्यात कोण राहील? हॉटेलवाला?

मला उत्तर देता आलं नाही. त्याचा कळप एकाएकी बंद व्हावा असं मला वाटतही नाही.

शिवाय या लोकांनी मेंढीपायी काय सोसलंय ते विसरून बोलता येत नाही. १७८३ मध्ये लाकीचा ज्वालामुखी आठ महिने धुमसत राहिला, गवतावर विषारी राख पडली, देशातल्या सुमारे ८० टक्के मेंढ्या मेल्या आणि त्यामागच्या दुष्काळात पाचातला एक माणूस गेला. आणि १९३३ ची गोष्ट तर अशी आहे की तिच्यावर वेगळा भाग होईल. जातीत सुधारणा करायची म्हणून जर्मनीतून २० काराकुल मेंढ्या आणल्या. दोन महिने वेगळ्या ठेवल्या, निरोगी दिसल्या, मग वाटून टाकल्या. त्यांच्या अंगात जे होतं ते वर्षानुवर्षं दिसतच नाही. मेंढ्या डोंगरात एकत्र चरतात, रेट्टिरमध्ये अंगाला अंग लावून उभ्या राहतात. काही वर्षांत धाप लागून कळपच्या कळप मरायला लागले. त्यांनी त्या रोगाला माइदी म्हटलं, म्हणजे धाप. दुसरा विस्ना, म्हणजे झिजणं. देश आडवाउभा कुंपणांनी कापला गेला, खोऱ्यामागून खोऱ्यातल्या सगळ्या मेंढ्या मारल्या आणि निरोगी भागातून नव्या आणल्या. शेवटी १९६५ मध्ये माइदी संपली. यातूनच ब्यॉर्न सिगुर्ड्सॉन या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मंदगती विषाणूंची कल्पना मांडली. पुढे एचआयव्ही सापडला तो याच विषाणूंच्या कुळातला. स्क्रेपी नावाचा आणखी एक रोग अजून आहे. २०२३ च्या वसंतात त्यापायी उत्तरेकडचे दोन कळप मारले गेले, ऐन वीण तोंडावर असताना.

म्हणजे सामाईक रानाचा हा हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. एका कळपाचं दुखणं सगळ्यांचं होतं, हे त्यांनी सोसून पाहिलंय. म्हणूनच मला नवल वाटतं की नावाच्या बाबतीत मात्र सगळं एकत्र केलंय.

कसं ते सांगतो. त्या युरोपियन नावाची हद्द म्हणजे अख्खा देश. कत्तलखान्यात मांसाची प्रत ठरते ती अंगकाठी आणि चरबी पाहून. कोकरू पश्चिमेच्या हिरव्यागार रानात वाढलं की ज्वालामुखीच्या पट्ट्यातल्या उघड्या वाळूत चार काड्या शोधत हिंडलं, याची प्रत नाही, भावात फरक नाही. दोघांवर तीच ढाल, मेनूवर त्याच चार ओळी. याउलट फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात बारेज-गावार्नी नावाचं मेंढीचं मटण मिळतं. त्याचं नावच एका छोट्या भागाचं आहे, आणि जनावर उन्हाळ्यात तिथल्याच उंच कुरणात गेलं पाहिजे हे नियमात आहे. तिथे सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही, पण निदान कुठलं कुरण ते गिऱ्हाइकाला कळतं.

आइसलँडमध्ये तर हे आणखी सोपं आहे. प्रत्येक कानात शेताचा नंबर आहे, आणि शेत कळलं की डोंगर कळतो. नोंदवह्या आहेत, धुपीचे नकाशे आहेत. म्हणजे हे कोकरू अमुक रानातलं, तिथली जमीन अशी आहे, एवढं मेनूवर लिहिता येईल. ज्या गावाने वरची मेंढरं कमी केली, उघडी जमीन झाकली, त्याला चार पैसे जास्त मिळतील. त्या पोत्यांच्या मालकाला आज ते मिळत नाहीत. त्याचं कोकरू बाकीच्यांच्याच ढिगात जातं, आणि बी-खताचा थोडाफार खर्च सरकार देतं तेवढाच. ताटामागे जो पर्यटक हसत हसत जेवढे देतो (आकडा सांगत नाही, घरचे ऐकतायत), त्यातला थोडा भाग त्या डोंगरापर्यंत जायला काय हरकत आहे?

मी हे कॉफीच्या टेबलावर बोललो तेव्हा त्या शेतकऱ्याने बायकोकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, मग ज्यांच्या नशिबी वाळूचा डोंगर आला त्यांनी काय करायचं? तेही माझ्याच शाळेतले आहेत. यावर तिथे बराच वेळ आइसलँडिकमध्ये चर्चा झाली. मित्राने मला सगळी भाषांतर करून सांगितली नाही. माझं मत अजून तेच आहे, पण ते मत असलेला माणूस त्या खोऱ्यात राहत नाही, हेही खरं.

शेवटच्या रात्री आम्ही पुन्हा त्याच पहिल्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. या वेळी मी सूप मागवलं. पण मित्राने मुद्दाम तोच कोकराचा पदार्थ मागवला, वर तोच हिरवा चुरा. आणि वेटर आला तेव्हा त्याने विचारलं, ही अँजेलिका तुम्ही कोणत्या डोंगरातून आणता?

वेटर तरुण पोरगा होता, त्याला माहीत नव्हतं. आत जाऊन विचारून आला आणि अगदी सरळपणाने म्हणाला, डोंगरातून नाही, इथूनच. शहरातल्या नदीच्या काठी भरपूर उगवते, आमचे शेफ उन्हाळ्यात सायकलवरून जाऊन पिशवी भरून आणतात. तिकडे मेंढ्या नाहीत ना.

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. क्योत्सूपाची कृती हवी असेल तर कळवा. तिच्यात मी घरी दोन मिरे आणि आल्याचा तुकडा टाकला होता, हे त्या शेतकऱ्याला सांगू नका.